कागदावर छापून आलेला आकडा

बदलापूर किंवा अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी रक्त दिले की संध्याकाळी सीबीसीचा कागद हातात पडतो. त्यावर वीसेक ओळी असतात. त्यांपैकी आपण दोन-तीनच वाचतो. हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी वाढल्यात का, आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असेल तर प्लेटलेट किती उरल्या. घाईत असलेला डॉक्टरही बहुधा तेवढेच वाचतो. मधल्या भागात 'एमसीव्ही' अशी एक ओळ असते. प्रौढ माणसात हा आकडा साधारण ८० ते १०० यांच्या दरम्यान असतो. कधी तो ६५ येतो, शेजारी 'लो' असे छापलेले असते, आणि 'अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घ्या' एवढ्यावर विषय संपतो.

वैद्यकीय तंत्रज्ञान आणि त्याचा खर्च यांवर बोलताना आपल्या डोळ्यांपुढे एमआरआय, रोबोट, कोट्यवधींची यंत्रे येतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांपुरता हा विषय मला त्या ६५च्या आकड्यापासून सुरू करावासा वाटतो. यंत्र विकत घेऊन झाले आहे, ते रोज चालते आहे, त्याने उत्तर छापूनही दिले आहे, आणि ते वाचले जात नाही. तंत्रज्ञानावरचा सगळ्यांत वाया गेलेला खर्च कदाचित हाच असेल.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. वॉलेस कूल्टर या अमेरिकन तंत्रज्ञाने शोधलेल्या आणि १९५३ साली पेटंट मिळालेल्या युक्तीवर ही मोजणी चालते. खारट पाण्यात रक्ताचा थेंब पातळ करायचा आणि ते पाणी एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढायचे. छिद्राच्या दोन्ही बाजूंना विजेचा हलका प्रवाह असतो. पेशी छिद्रातून जाताना प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, आणि पेशी जेवढी मोठी तेवढा अडथळा मोठा. अडथळे किती झाले त्यावरून पेशींची संख्या कळते, आणि प्रत्येक अडथळा केवढा होता त्यावरून आकार.

पेशी लहान असण्याची दोन मुख्य कारणे असतात. पहिले म्हणजे लोहाची कमतरता, जी आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, सर्रास आढळते. दुसरे म्हणजे थॅलेसेमियाचे वाहक असणे. वाहक माणूस आजारी नसतो. आयुष्यभर त्याला काही होत नाही, फक्त त्याच्या पेशी लहान असतात आणि ती उणीव भरून काढायला शरीर त्या जास्त संख्येने बनवते. लोहाच्या कमतरतेत मात्र पेशी लहानही होतात आणि संख्येनेही घटतात. म्हणून एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचे. उत्तर १३च्या खाली आले तर थॅलेसेमियाचा संशय धरायचा, वर गेले तर लोहाचा. मेंट्झर यांनी १९७३ साली सुचवलेला हा भागाकार पाचवीतल्या मुलाला जमेल. तो अचूक निदान करत नाही, पण पुढे कोणाला तपासायचे ते सांगतो.

वाहकाचे लग्न वाहकाशी झाले की गणित बदलते. प्रत्येक गरोदरपणात मूल पूर्ण निरोगी असण्याची शक्यता एक चतुर्थांश, आईबापांसारखेच वाहक असण्याची निम्मी, आणि थॅलेसेमिया मेजर असण्याची एक चतुर्थांश. पहिले मूल मेजर झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नसते. दर वेळी फासा नव्याने पडतो.

हा विषय उल्हासनगरपासून का सुरू करायचा, याचे कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना कॅम्प १, कॅम्प ४ असेच म्हणतात. या लोकांनी बरोबर आणलेल्या गोष्टींत एक न दिसणारी गोष्ट होती. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशात सरासरी ३ ते ४ टक्के मानले जाते. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत ते त्याहून बरेच जास्त आहे. योगायोग असा, की ज्या १९४९ साली छावणीचे नाव बदलले त्याच साली जे. बी. एस. हाल्डेन यांचा एक तर्क छापून आला. मलेरियाच्या प्रदेशात थॅलेसेमियाचे वाहक जास्त तगत असावेत, म्हणून हा दोष तिथे पिढ्यान्पिढ्या टिकला, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या संशोधनाने ते बळकट केले. सिंधूच्या खोऱ्यात जी गोष्ट एके काळी ढाल होती, तीच उल्हास नदीच्या काठी दोन वाहकांचा संसार मांडला जाताना संकट होऊन बसते.

तरीही याला 'सिंध्यांचा आजार' म्हणणे चूक आहे आणि घातकही. महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींत वाहक आहेत. शिवाय ही तीन गावे आता वेगळी राहिलेली नाहीत. बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती, ती २०११च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. परळ-लालबागची चाळ सोडून आलेले, कोकणातले, खानदेशातले, उत्तर भारतातले लोक इथे एकाच सोसायटीत राहतात. आडनाव पाहून तपासणी ठरवण्याचे दिवस गेले.

आता मेजर झालेल्या मुलाचे काय होते ते पाहू, कारण खर्चाचा खरा जिना तिथून चढू लागतो.

मूल जन्मतः ठीक दिसते. सहा महिन्यांनंतर ते पांढुरके पडू लागते, दूध नको म्हणते, पोट मोठे होते. रक्त चढवले नाही तर ते थोड्याच वर्षांत दगावते. चढवले तर दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर चढवावे लागते. मोठ्या माणसाला वर्षाकाठी पंचवीस-तीस पिशव्या सहज लागतात. ऐच्छिक रक्तदात्यांवर चालणाऱ्या रक्तपेढीला मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत हा पुरवठा कसा कठीण जातो, हे थॅलेसेमियाच्या घरातल्यांना विचारावे. या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यावे असा नियम आहे. पण रक्त मिळाले म्हणजे काम झाले असे नसते.

एका पिशवीतून शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. निरोगी प्रौढाच्या सबंध शरीरात मिळून लोह असते ३ ते ४ ग्रॅम. म्हणजे पंधरा-वीस पिशव्यांत निसर्गाने आयुष्यभरासाठी दिलेल्या साठ्याइतके लोह आणखी येऊन पडते. आणि हे जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. दिवसाला मिलिग्रॅमभर कातडीतून, आतड्यातून झडते तेवढेच. बाकीचे यकृतात, ग्रंथींत आणि शेवटी हृदयात साचते. ज्या रक्ताने मूल जगवले तेच दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या हृदयावर बसते. थॅलेसेमियाचे रुग्ण बहुतेक रक्ताच्या अभावी नव्हे, लोहाने गेले.

लोह काढणारे पहिले चांगले औषध डेस्फेरिऑक्सामाइन. ते पोटातून शोषले जात नाही, म्हणून बॅटरीवरच्या छोट्या पंपाने पोटाच्या कातडीखाली आठ ते बारा तास द्यावे लागते, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री. एवढ्याशा मुलाला रोज रात्री सुई टोचून झोपवायचे हे आईबापांनी वर्षानुवर्षे केले. ज्यांना परवडत नव्हते त्यांनी केले नाही, आणि त्यांची मुले पंधरा-सोळाव्या वर्षी गेली. म्हणून डिफेरिप्रोनची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तोंडाने घ्यायचे हे औषध १९८०च्या दशकात लंडनमधल्या संशोधकांनी बनवले. पाश्चात्त्य देशांत त्याच्या सुरक्षिततेवर दीर्घकाळ वाद चालला. मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या चाचण्या केल्या, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. सिपलाने ते बाजारात आणले. अमेरिकेत ते २०११ साली मान्य झाले. धोका खराच होता, कारण काही रुग्णांत पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. पण त्यावर लक्ष ठेवायला लागते ती पुन्हा तीच सीबीसी. नंतर डिफेरासिरॉक्स आले, दिवसातून एकदा पाण्यात विरघळवून घ्यायचे, आणि भारतीय कंपन्यांनी तेही स्वस्त केले. पेटंट आणि पंप यांच्यात अडकलेला उपचार गोळीत आला, हा इथल्या तंत्रज्ञानाचा मोठा विजय होता. तो कोणत्याही चकचकीत यंत्राशिवाय मिळाला.

यंत्रांचा मला राग नाही, हे सांगायला एमआरआयचे उदाहरण देतो. हृदयात लोह किती साचले हे रक्त तपासून नीट कळत नाही. लंडनमधल्या डॉक्टरांनी २००१ साली दाखवले, की एमआरआयमधल्या 'टी-टू-स्टार' नावाच्या मोजणीने ते सुई न टोचता कळते. २० मिलिसेकंदांच्या वर असले तर हृदय सुरक्षित, १०च्या खाली आले तर ते निकामी होण्याचा धोका मोठा. यानंतर डॉक्टरांना मूल कोसळण्याआधी औषध वाढवता येऊ लागले, आणि जिथे ही मोजणी नेमाने झाली तिथे हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. वर्षातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे. यंत्र करोडोंचे असते, पण ते कंबरदुखीसाठी दिवसभर चालतेच. अडचण त्या खास मोजणीची पद्धत बसवण्याची आणि वाचणाऱ्या माणसाची असते. त्यासाठी बदलापूरच्या घराला मुंबई गाठावी लागते.

रक्ताच्या सुरक्षिततेत मात्र पैसा थेट जीवाशी येतो. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. नेहमीची तपासणी बहुतांशी प्रतिपिंडे शोधते, आणि लागण झाल्यावर ती तयार व्हायला वेळ लागतो. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत हा काळ दोन महिन्यांपर्यंत जातो. 'नॅट' ही तपासणी विषाणूचा जनुकीय धागाच शोधते आणि हा काळ आठवड्याच्या आसपास आणते. ती महाग आहे आणि देशात सक्तीची नाही. ज्याला आयुष्यात एकदाच अपघातानंतर दोन पिशव्या लागल्या त्याचा धोका नगण्य. ज्याला पंधराव्या वर्षापर्यंत दोन-तीनशे पिशव्या लागतात त्याचा धोका तितक्या वेळा वाढतो. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले, त्यातले एक दगावले, आणि चौकशी लागली. सगळ्या पिशव्यांना नॅट परवडत नाही असे सरकार म्हणेल, आणि त्यात तथ्य असू शकेल. पण निदान या मुलांसाठी राखलेल्या पिशव्यांना ती लावणे मला वादाचा मुद्दाच वाटत नाही.

जिन्याच्या वरच्या पायऱ्या भराभर चढू. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होतो, पण जुळणारे सख्खे भावंड मिळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चौथ्या हिश्शाची, आणि खर्च लाखांत. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबई महापालिकेने बोरिवलीला त्यासाठी केंद्र काढले आहे. या वाटेने काही मुले कायमची सुटली. त्याच्याही वर जनुकोपचार. अमेरिकेत २०२२ साली मान्य झालेल्या एका उपचाराची किंमत २८ लाख डॉलर ठरली. जनुक कातरण्याच्या 'क्रिस्पर' तंत्रावरचा दुसरा जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी मान्य झाला, तो २२ लाख डॉलरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अठरा कोटींच्या पुढे. पहिल्या उपचाराच्या कंपनीला युरोपातल्या सरकारांशी किंमत जमेना, तेव्हा तिने २०२१ साली तिथून काढता पाय घेतला. श्रीमंत देशांचीही ही गत. सरकार किमतीला लगाम घालू शकते हे आपण फेब्रुवारी २०१७ मध्ये पाहिले. औषध लेपलेल्या हृदयाच्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपयांची मर्यादा घातली गेली. पण स्टेंट इथेही बनतो. जे बनतच नाही त्याला मर्यादा घालून काय मिळणार?

आता खाली उतरून पहिल्या पायरीवर येऊ. सायप्रसमध्ये १९७०च्या दशकात साधारण दर सातव्या माणसाला वाहकपण होते. बेटाची लोकसंख्या उल्हासनगरहून फार मोठी नव्हती. प्रत्येक रुग्णाला नीट उपचार द्यायचे तर काही वर्षांत देशाचा सारा आरोग्यखर्च आणि सगळे रक्त एकाच आजारावर जाईल, असे हिशेब तेव्हा मांडले गेले. त्यांनी तपासणी सुरू केली. १९८३ पासून तिथल्या चर्चने लग्नापूर्वी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यात निकाल लिहायचा नाही, फक्त तपासणी आणि समुपदेशन झाले एवढेच. लग्ने फारशी मोडली नाहीत. जोडप्यांनी गर्भाची तपासणी करून घेतली, आणि त्याच दशकात मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. वाचलेल्या पैशांत आधीच्या रुग्णांना उत्तम उपचार मिळाले आणि ते चाळिशी-पन्नाशीपर्यंत पोचले. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण प्रतिबंधाची भाषा ऐकली की आज हयात असलेल्या मुलांना आपण नकोसे आहोत असे वाटू शकते. २०१६च्या अपंगत्व कायद्याने थॅलेसेमियाला मान्यता दिली ती याच मुलांसाठी.

आपल्याकडे साधने नव्हती असेही नाही. नेस्ट्रॉफ नावाची चाचणी आहे. ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचे, आणि नळीमागे काळी रेघ ओढलेला कागद धरायचा. साध्या पेशी फुटतात, पाणी नितळ होते, रेघ दिसते. वाहकाच्या पेशी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहते, रेघ दिसत नाही. वीज लागत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी ही चाचणी पूर्वीच वापरून पाहिली होती. पक्क्या निदानासाठी एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए-२ मोजतात. ते ४ टक्क्यांच्या वर म्हणजे वाहक, साडेतीन ते चार म्हणजे पुन्हा पाहायचे, आणि लोह फार कमी असेल तर आकडा फसवा खाली येऊ शकतो. मधुमेह्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, अनेक लॅबमध्ये याच जातीच्या यंत्रावर मोजतात. किट बदलले की झाले. आणि परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, १९५७ पासूनची. सिंधी आणि लोहाणा समाजांत जनुकाचा ६१९ अक्षरांचा एक तुकडा गळालेला वारंवार आढळतो. काय शोधायचे ते माहीत असले की गर्भाची तपासणी सोपी आणि स्वस्त होते. १९९४चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदासुद्धा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीची स्पष्ट मुभा देतो.

केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ साली आली आणि त्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार विनामूल्य झाले, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातही. महात्मा फुले योजनेचे संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांवर गेले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह राज्यातल्या दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. सुधारणा होत आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विमा योजनेचा हिशेब दाखल झालेल्या रुग्णावर, पॅकेजवर चालतो. निरोगी बाईच्या एमसीव्हीचे पॅकेज नसते. यंत्र आले की फीत कापता येते, कागदावरचा आकडा वाचला याचे उद्घाटन कसे करणार? नव्या महाविद्यालयाच्या परिसरात काय काय येईल याच्या चर्चेत कॅथलॅब असेल, एमआरआय असेल, असावेतच. एक एचपीएलसी, एक समुपदेशक आणि पेशी मोजणाऱ्या यंत्राला घातलेला एक नियम यांची मागणी कोणी केलेली माझ्या कानावर नाही.

कारण खरी अडचण वेळेची आहे. गर्भाचा नमुना साधारण दहा ते बाराव्या आठवड्यात घेणे उत्तम. त्याआधी बाईची सीबीसी, मग ए-२, ती वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी, मग दोघांचे जनुक, मग परळ. पहिली नावनोंदणीच चौथ्या महिन्यात झाली तर हाताशी थोडेच आठवडे उरतात. २०२१च्या दुरुस्तीने गर्भपाताची मुदत काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत नेली आहे, पण विसाव्या आठवड्यातला निर्णय आणि बाराव्यातला निर्णय बाईला सारखे नसतात. तिने काय ठरवायचे ते तिनेच ठरवायचे. तिला ठरवण्याजोगे काही आहे हे मात्र वेळेत कळले पाहिजे. आणि नवरा सहसा आलेला नसतो. तो सहाची लोकल पकडून गेलेला असतो किंवा एमआयडीसीत पाळीला असतो, आणि 'तुमचे रक्त द्या' म्हटले की आपल्यात काय खोट आहे असे त्याला वाटते. लग्नाआधी तपासणी व्हावी म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की वाहक ठरलेल्या मुलाचे लग्न अडत नाही, मुलीचे अडते. म्हणून निकाल कागदावर न लिहिण्याची सायप्रसची रीत मला शहाणपणाची वाटते.

पेशी मोजणाऱ्या यंत्राला आजही सांगून ठेवता येते, की अमुक आकडा अमुकच्या खाली गेला तर खाली एक ओळ छाप. त्याला वेगळी खरेदी लागत नाही. गरोदर बाईच्या सीबीसीत एमसीव्ही ८०च्या आत किंवा एमसीएच २७च्या आत आला, की कागदाच्या तळाशी मराठीत आणि सिंधीत एवढेच यावे: 'पेशी लहान आहेत. लोहाच्या गोळ्या सुरू ठेवा, पण एचबीए२ तपासून घ्या. पुढच्या भेटीची वाट पाहू नका. पतीचीही सीबीसी आणा.'